काळ्या मातीतलं करवंद

करवंद उन्हानं मरत नाही. मराठवाड्यातल्या घरांच्या अंगणात जी करवंदं मरतात, त्यातली बहुतेक पाण्यानं मरतात, आणि तीही पहिल्या दोन पावसाळ्यांत. भाद्रपदात सलग चार-पाच दिवस पाऊस लागतो, काळी माती फुगते, पाणी खाली जायला वाट राहत नाही आणि मुळं गुदमरतात. आठ-दहा दिवसांनी पानं मलूल होऊन खाली लोंबतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलंय. तो आणखी एक बादली ओततो. तिथं झाड संपतं.

म्हणून पानं मलूल दिसली की आधी बोट मातीत घालायचं. दोन इंचांखाली माती ओली असेल आणि तरी पानं लोंबत असतील, तर दुखणं मुळाशी आहे. पाणी बंद करायचं, आळं मोडायचं आणि बुंध्याजवळची माती बाजूला ओढून तिथं हवा खेळू द्यायची. हे पहिल्या चार दिवसांत केलं तर झाड वाचू शकतं. साल काळी पडून बोटानं सुटायला लागली असेल तर ते उपटावं.

करवंद मुळात वाढतं कुठं ते आठवलं की हे सगळं आपोआप उलगडतं. अजिंठ्याच्या रांगेत, बालाघाटावर, माहूरच्या डोंगरात करवंदाच्या जाळ्या उतारावर असतात, मुरमाच्या भेगांत मुळं रोवून. पाऊस पडतो आणि तासाभरात वाहून जातो. माती जेमतेम वीतभर. आणि आपण तेच झुडूप आणून लावतो कुठं, तर परभणी-नांदेडकडच्या प्लॉटवर, जिथं काळी माती पुरुषभर खोल आहे. सगळी मेहनत या एका फरकावर करायची असते. बाकी करवंदाला फारसं काही लागत नाही.

रोप कुठलं आणायचं

आपलं करवंद म्हणजे कॅरिसा कॅरंडास. कण्हेर, रुई, सदाफुली ज्या कुळातली, त्याच कुळातलं. पान मोडलं की पांढरा चीक येतो. काटे जोडीनं येतात, इंच-दीड इंच लांब, कधी टोकाला दुभंगलेले. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, जाईसारख्या वासाचं.

रोपवाटिकेत करवंद म्हणून कधीकधी दुसरंच झाड हातात देतात. ते दक्षिण आफ्रिकेतलं, कॅरिसा मॅक्रोकार्पा. शोभेसाठी लावतात. पान जाड, गडद, चकचकीत, फूल मोठं, फळ पिकल्यावर लालभडक आणि छोट्या आलुबुखाराएवढं. पिकलेलं फळ खाता येतं, झाड वाईट नाही, पण लोणच्याला जी करवंदाची आंबट-तुरट चव लागते ती त्यात नाही. फळावर असलेलं रोप घेतलं तर फसायला होत नाही. आपल्या करवंदाचं फळ आधी हिरवं, मग गुलाबी-तांबडं आणि शेवटी काळं होतं.

निवडलेल्या जातींपैकी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड मोठ्या फळाची आहे. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा या जातीही मिळतात. त्या मुख्यतः लोणचं, मुरंबा, कँडी यांसाठी. बेकरीतल्या केकवरची लाल चेरी पुष्कळदा रंगवून पाकात मुरवलेलं करवंदच असतं, त्या कामाची ही मोठी फळं. माझं मत विचाराल तर घरच्या अंगणात एक मोठ्या फळाचं कलम आणि दोन साधी, डोंगरी बियांची रोपं लावावीत. डोंगरी फळ बारीक, पण पिकल्यावर तोंडात टाकायला तेच गोड. शिवाय वेगवेगळ्या बियांची दोन-तीन झाडं जवळ असली की फळधारणा चांगली होते, एकटं झाड बऱ्याचदा फुलतं भरपूर आणि धरतं कमी.

डोंगरातून रोप उपटून आणू नये. अभयारण्यातून काहीही काढायला कायद्यानं बंदी आहे, हे एक. दुसरं, करवंदाचं सोटमूळ मुरमात खोल गेलेलं असतं, ते उपटताना तुटतं आणि तुटक्या मुळावर झाड तग धरत नाही. बी आणावं. झाड तिथंच राहतं, आपल्यालाही मिळतं.

बी आणि गुटी

करवंदाचं बी साठवून ठेवता येत नाही. फळ पिकतं तेव्हाच पावसाळा तोंडावर असतो, आणि बी त्याच पावसात रुजायला तयार असतं. महिना-दोन महिने डबीत ठेवलं की बरंचसं मरतं. पूर्ण काळी, मऊ झालेली फळं घ्यायची. पाण्यात कुस्करायची, चिकट गर जाण्यासाठी बी चुलीच्या राखेत चोळून धुवायचं, एक दिवस सावलीत कागदावर पसरायचं. आठवड्याच्या आत पेरायचं.

पाच बाय सात इंचांची काळी पिशवी पुरते, पण तिला खाली चार आणि बाजूला चार भोकं असलीच पाहिजेत. दोन भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत. एका पिशवीत दोन बिया, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल. कडुलिंबाच्या झाडाखालची विरळ सावली उत्तम. दोन ते चार आठवड्यांत उगवतं. नंतरची वाढ मात्र संथ, दिवाळीपर्यंत रोप वीतभर झालं तरी पुष्कळ. इथं घाई करून युरिया घालणारे पुष्कळ जण आहेत. रोप लुसलुशीत होतं आणि पहिल्या कडक उन्हात करपतं. पुढच्या जूनपर्यंत ते पिशवीतच राहू द्यावं. बियांचं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं, आणि फळ आईसारखं येईलच असं नाही.

ज्या झाडाचं फळ आवडलं त्याचंच झाड हवं असेल तर गुटी कलम करावं, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून घ्यावीत. फाटे खोचून करवंद लागत नाही असं नाही, पण घरी दहातले एक-दोन जगतात, त्यात वेळ घालवू नये. गुटीला जुलै-ऑगस्ट हा काळ. पेन्सिलीएवढी जाड, मागच्या वर्षीची फांदी निवडायची. दोन टोकांना गोल चिरा देऊन इंचभर रुंद साल काढायची. चीक भळभळतो, तो ओल्या फडक्यानं पुसत राहायचं, थांबला की मगच पुढं जायचं. चीक वाळून थर बसला की मुळं फुटायला अडथळा होतो. साल काढलेल्या जागी चाकूची पाठ हलकेच घासून बुळबुळीत थर काढून टाकायचा, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. वरच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर लावून भिजवून पिळलेलं मॉस, म्हणजे ओल धरणारं वाळकं शेवाळ, मूठभर बांधायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट.

आपल्याकडची गुटी फसते ती ऑगस्टच्या खंडात. पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो, कोरडा वारा सुटतो आणि मॉस आतल्या आत वाळतं. दर आठवड्याला गुटी दाबून बघायची. कडक लागली की इंजेक्शनच्या सिरिंजनं पाच-दहा मिली पाणी आत सोडायचं आणि भोकावर चिकटपट्टी लावायची. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी मुळं तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खाली फांदीला अर्ध्यावर काप द्यायचा, दहा दिवसांनी पूर्ण कापायची. पिशवीत लावून महिनाभर सावलीत, निम्मी पानं काढून. जमिनीत पुढच्या जूनमध्ये. हे झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळाला येतं.

खड्डा नको, उंचवटा

झाड लावायचं म्हटलं की आपल्याकडे दोन बाय दोनचा खड्डा काढतात, वाळू, शेणखत, चांगली माती भरतात आणि मधोमध रोप लावतात. मुरमाड जमिनीत हे चालतं. काळ्या मातीत हा खड्डा घागर होतो. भोवतीची चिकण माती पाणी शोषत नाही, आतली भुसभुशीत माती भराभर शोषते, आणि सगळ्या अंगणाचं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं. जितका चांगला खड्डा भराल तितकं ते झाड लवकर बुडतं.

जमीन कशी आहे हे आधी तपासता येतं. दीड फूट खोल खड्डा काढून तो पाण्यानं भरायचा. जिरला की संध्याकाळी पुन्हा काठोकाठ भरायचा. सकाळी तळाशी पाणी दिसलं तर तिथं खड्डा करायचाच नाही. उंचवटा करायचा.

एका झाडासाठी तळाशी चार फूट, माथ्यावर दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच असा ढीग लागतो. त्याला अंदाजे बारा घमेली मुरूम, सहा घमेली तिथलीच काळी माती आणि पाच घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत लागतं. मुरूम बारीक असावा, सुपारीएवढे खडे चालतील, त्याहून मोठे वेचून काढावेत. ढीग नुसता जमिनीवर ओतायचा नाही. आधी तेवढी जागा फूटभर खणून ढेकळं फोडायची आणि त्यात तीन-चार घमेली मुरूम मिसळायचा, म्हणजे वरची आणि खालची माती एकमेकींत उतरते. दोन मातींमध्ये सरळ रेघ राहिली की मुळं त्या रेघेवरच अडतात. हे खणणं मे महिन्यात, माती कोरडी असताना करावं. ओल्या काळ्या मातीत फावडं मारलं की कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात, त्यातून ना पाणी जातं ना मूळ.

एक सूचना मुरमाबद्दल. पांढरा, चुनखडीचा मुरूम टाळावा. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदाईत निघालेला तांबूस-करडा मुरूम चांगला. चुनखडी जास्त असली की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळं झाडाला ते उचलता येत नाही. अशा वेळी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. पुढचा इलाज शेणखत. दरवर्षी पडत गेलं की हळूहळू फरक पडतो.

संभाजीनगरच्या किंवा बीडच्या डोंगराळ बाजूला ज्यांचा प्लॉट मुळातच मुरमाड आहे, त्यांनी हा सगळा भाग सोडून द्यावा. दीड फुटाचा साधा खड्डा, एक घमेलं शेणखत, झालं.

लावणी

पेरणीला जो नियम तोच इथं: पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खाली ओली झाल्याशिवाय लावू नये. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून लावलेलं रोप पुढच्या कोरड्या पंधरवड्यात सापडतं. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांची वेटोळी दिसली तर ती धारदार चाकूनं कापून टाकावीत, नाहीतर ती जमिनीतही तशीच गोल फिरत राहतात. पिशवीतली मातीची पातळी उंचवट्याच्या मातीपेक्षा बोटभर वर राहील असं बसवायचं. बुंध्याला माती चढवायची नाही.

दिवसातले किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत झुडूप वाढतं, हिरवंगार दिसतं, फळ देत नाही. फाटकाची वाट, पाण्याचा नळ, कपड्यांची दोरी यांच्यापासून पाच फूट तरी दूर लावा. आज वीतभर दिसणारं रोप पाच वर्षांत सहा-सात फूट उंच आणि तितकंच रुंद होतं, आणि करवंदाचा काटा डोळ्याच्या उंचीवर येतो. सुटी झाडं आठ-दहा फुटांवर. कुंपण करायचं असेल तर एका ओळीत तीन-तीन फुटांवर, किंवा दोन ओळींत नागमोडी, ओळींत दोन फूट अंतर ठेवून. चौथ्या वर्षी त्यातून कुत्रंही जात नाही. पण पहिली दोन वर्षं शेळ्या कोवळा शेंडा खातात, काटे अजून मऊ असतात. तोपर्यंत बाभळीच्या फांद्यांचा आडोसा करावा.

गच्चीवर लावायचं तर पन्नास लिटरचा ड्रम घ्या, बाहेरून पांढरा रंग द्या. मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत काळा ड्रम इतका तापतो की कडेची मुळं भाजतात. फळ येईल, थोडं येईल. जमीन असेल तर जमिनीतच लावा.

पाणी

पहिल्या वर्षी पावसाळ्यात पाणी द्यायचं नाही. दहा दिवसांहून मोठा खंड पडला तरच दहा लिटर. दिवाळीनंतर दर दहा-बारा दिवसांनी दहा लिटर, मार्च ते मे दर पाच-सहा दिवसांनी तेवढंच. पाणी बुंध्याशी ओतायचं नाही, फूटभर लांब, ढिगाच्या उतारावर छोटी चारी काढून त्यात. ठिबकची नळी असेल तर तिचा थेंब फूटभर दूर पडू द्या. ठिबक नसेल तर मडकं उत्तम. पाच लिटरचं मडकं, तळाला बारीक भोक, त्यात सुती वात, गळ्यापर्यंत पुरलेलं, वरून झाकण. झाकण विसरू नका, डास होतात.

उन्हाळ्यात आच्छादन हवंच. काळी माती तापली की भेगाळते, आणि भेगा नुसतं पाणी घालवत नाहीत, बारीक मुळं ओढून तोडतात. सोयाबीनचं भुस्कट, तुरीची काडं, उसाचं पाचट, जे हाताशी असेल ते तीन-चार इंच जाड पसरा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी सालीला लागते. जून लागला की उरलेलं आच्छादन थोडं बाजूला ओढा. पावसाळ्यात त्याचीच ओल मुळांना नडते.

दुसऱ्या वर्षी पाणी निम्मं. तिसऱ्या वर्षापासून नियम बदलतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीअखेर पाणी पूर्ण तोडायचं. काही पानं पिवळी होऊन गळतील, गळू द्या. या ताणातून झाड फुलोऱ्याकडे वळतं. थंडीत पाणी देत राहिलं की फूट जोरात निघते आणि फूल मागं राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं येतात. फुलं असताना भरमसाट पाणी दिलं तर ती झडतात, म्हणून हरभऱ्याएवढी फळं दिसल्यावर सुरुवात करायची. मग मेच्या मध्यापर्यंत दर दहा दिवसांनी वीस लिटर. आठ पाण्यांत काम होतं, म्हणजे वर्षाला एका झुडपाला एकशे साठ लिटरच्या आसपास. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात हिरवळीच्या लॉनसाठी रोज नळी सोडणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा. एप्रिलमध्ये तीन आठवडे विसरून मग एकदम भरपूर पाणी देणं मात्र वाईट. फळं तडकतात आणि गळतात.

बोअरचं पाणी खारट असेल तरी करवंद बऱ्यापैकी सोसतं. ड्रममध्ये मात्र क्षार साठतात, मातीवर पांढरी पापडी दिसते. अशी पापडी आली की ती खरवडून काढा आणि पहिल्या मोठ्या पावसात ड्रम उघड्यावर ठेवून तळातून पाणी वाहू द्या. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी रोज एकाच झाडाला घालण्याची सवय बरी नव्हे, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

अवकाळी पाऊस नेमका फुलोऱ्यात येतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झाली तशी गारपीट झाली तर आलेलं फूल जातंच. पण करवंद एकदम सगळं फुलत नाही, फुलोरा मागंपुढं होत राहतो, त्यामुळं थोडं तरी हाताला लागतं. गारांनी फांद्यांची साल सोलली असेल तिथं बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी.

फूल येतं पण फळ नाही, किंवा फूलच नाही

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि उत्तर बहुधा कात्रीत असतं. करवंदाचे फुलांचे घोस फांदीच्या टोकाशी येतात. कुंपण नीटस दिसावं म्हणून दर महिन्याला कात्रीनं वरून सपाट केलं की टोकंच जातात, आणि टोकं गेली म्हणजे फळ गेलं. त्यामुळं ठरवा: भिंतीसारखं कापलेलं कुंपण हवं की करवंदं? दोन्ही एकाच झाडावर मिळत नाहीत. मधला मार्ग असा की रस्त्याकडची बाजू कापायची आणि घराकडची मोकळी सोडायची.

फळाच्या झाडाला वर्षातून एकच छाटणी, फळं संपल्यावर लगेच, जूनच्या उत्तरार्धात. आधी वाळलेल्या फांद्या. मग जमिनीला टेकणाऱ्या, म्हणजे खालून हवा खेळते आणि सापासारख्या प्राण्याला आडोसा राहत नाही. मग आतल्या एकमेकींवर घासणाऱ्या. उरलेल्या फांद्यांचा फार तर पाव भाग. पावसाळ्यात नवी फूट येते, थंडीत ती पक्की होते, तिच्यावर फुलं. ऑक्टोबरनंतर कात्री लावलीत तर पुढच्या वर्षीचं फळ कापलंत असं समजा. जुनं, आतून लाकडासारखं झालेलं झुडूप असेल तर दर वर्षी तीनांतली एक जाड फांदी जमिनीपासून फूटभर ठेवून कापावी, तीन वर्षांत झुडूप नवं होतं.

छाटताना चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुवायचं, आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जायचं. कापलेल्या काटेरी फांद्या तिथंच पडू देऊ नका. वाळलेला काटा चपलेतून आरपार जातो.

फूल भरपूर पण फळ नाही, असं असेल तर परागीकरण कमी पडतंय. फुलाची नळी अरुंद आहे, लांब सोंडेची फुलपाखरं आणि पतंग तिथं उपयोगी पडतात. फुलोऱ्यात कोणतंही कीटकनाशक मारू नका, अगदी निमतेलही नको.

खताचं थोडक्यात. मोठ्या झुडपाला मृगाच्या आधी एक घमेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड, फांद्यांच्या घेराखाली पसरून मातीत मिसळायचं. रासायनिक खताची गरज नाही.

किडींपैकी पिठ्या ढेकूण खरा त्रास देतो. कोवळ्या टोकांवर कापसासारखे पुंजके, त्यांच्या मागं मुंग्या, मग पानांवर काळी काजळी. आधी नळीच्या जोरदार धारेनं धुवायचं. मग लिटरला पाच मिली निमतेल आणि दोन मिली पातळ साबण, संध्याकाळी, आठवड्यानं पुन्हा. मुंग्यांचं वारूळ बुंध्याशी असेल तर ते मोडल्याशिवाय हा ढेकूण जात नाही, कारण मुंग्याच त्याला राखतात. पानं खाणाऱ्या अळ्या हातानं वेचाव्यात. फांदी टोकाकडून वाळत खाली येत असेल तर जिवंत, हिरव्या लाकडात दोन-तीन इंच उतरून कापावी आणि कात्री पुसून मगच दुसऱ्या फांदीला लावावी.

घरात लहान मुलं असतील तर एक गोष्ट शिकवायलाच हवी. करवंद, पिवळी कण्हेर आणि लाल कण्हेर ही एकाच कुळातली. तिन्हींना चीक येतो, पण कण्हेरी विषारी आहेत. घाणेरीची काळी फळंही मुलांना करवंदासारखी वाटतात. घाणेरी परदेशातून आलेली आहे, आणि तिनं डोंगरांवर करवंदाचीच जागा खाल्ली आहे. अंगणात ती उगवली तर फुलायच्या आत उपटा.

तोडणी आणि चीक

लोणच्यासाठी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, फळ पूर्ण भरलेलं पण हिरवं असताना. बी चाकूनं सहज कापलं जाईल इतपतच. जेलीसाठी तांबडं झालेलं. खाण्यासाठी काळं, बोटानं दाबलं तर दबणारं. पिकलेली फळं एकदम तयार होत नाहीत, चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीन-चार तोडण्या कराव्या लागतात. मोठा पाऊस झाला की उरलेली फळं फुटतात, आंबतात. रोहिणी संपायच्या आत जितकी उतरवता येतील तितकी उतरवा. चांगल्या वर्षी पूर्ण वाढलेलं झुडूप तीन-चार किलो देतं. बुलबुल, कोकिळा आपला वाटा घेतात. आतल्या काट्यांतली फळं त्यांच्यासाठीच समजावीत, तिथं हात घालण्यात शहाणपण नाही.

तोडण्याआधी हातांना करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल चोळा, चीक बसत नाही. कपड्यावर पडलेला चीक वाळला की डाग जात नाही. कच्ची फळं देठ काढून मिठाच्या पाण्यात चार-पाच तास ठेवायची, लिटरला दोन मोठे चमचे मीठ. चीक पाण्यात उतरतो, वर चिकट तवंग येतो. ते पाणी फेकून फळं दोनदा धुवायची आणि फडक्यावर पूर्ण कोरडी करायची. ओल राहिली की लोणच्याला बुरशी येते.

किलोभर करवंदांना दीडशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, पाऊण वाटी तिखट, दोन चमचे हळद, चमचाभर हिंग आणि पाव लिटर तेल. फळं अर्धी चिरून मीठ-हळद लावून एक रात्र ठेवायची, सुटलेलं पाणी टाकायचं नाही. तेल कडकडीत तापवून पूर्ण थंड केल्यावरच घालायचं, आणि ते फळांच्या बोटभर वर आलं पाहिजे. पंधरा दिवसांनी मुरतं. भाकरीबरोबर लगेच काही हवं असेल तर मूठभर कच्ची करवंदं, चार हिरव्या मिरच्या, सहा लसूण पाकळ्या आणि मीठ खलबत्त्यात ठेचा, वरून कच्चं तेल.

जेली घट्ट करणारं पेक्टिन बाहेरून लागत नाही, ते कच्च्या-तांबड्या करवंदात भरपूर असतं. किलोभर फळं लिटरभर पाण्यात अर्धा तास मंद उकळायची, मलमलच्या फडक्यातून रात्रभर गाळायची. फडकं पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर, आणि उलथण्यावरून दोन थेंब एकत्र होऊन पडेपर्यंत आटवायचं. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला करवंदाचा आंबटपणा चढतो.

शेवटच्या तोडणीत ज्या झुडपाची फळं सर्वांत गोड लागली त्याला रंगीत चिंधी बांधून ठेवा. जुलैमध्ये पानांच्या गर्दीत ते ओळखू येत नाही, आणि गुटी बांधायची असते ती त्याच्यावर.